शहरापासून लांबची छोटी वीकेंड केमिकल बायोलॉजी कॉन्फरन्स: माझा रिव्ह्यू

पीएचडी चालू असेल, रेणू बनवत असाल आणि ते पेशीत टाकल्यावर आत नक्की काय होतंय ते कळत नसेल, तर असली केमिकल बायोलॉजीची (रेणू वापरून पेशीचं काम समजून घ्यायच्या विषयाची) कॉन्फरन्स अजिबात सोडू नका, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्या बाजूनं येणाऱ्यांनाही तेच सांगेन, म्हणजे प्रोटीन हातात आहे, प्रश्न चांगला आहे, पण त्यासाठी लागणारं कंपाउंड आणायचं कुठून आणि आणलंच तर त्यावर भरवसा किती ठेवायचा हे ज्यांना ठरवता येत नाही त्यांना. शुक्रवारी संध्याकाळी पोचायचं, रविवारी दुपारी निघायचं, एकच हॉल, एका वेळी एकच टॉक, राहायलाही सगळे तिथंच. माणसं इतकी मोजकी की शनिवार संपेपर्यंत बहुतेक चेहरे ओळखीचे होतात.

जागा अगदी आडबाजूला, आजूबाजूला शेतं आणि फिरायला एक रस्ता, बाकी काही नाही. हे नुसतं हवापालटासाठी नसतं बरं का. मोठ्या कॉन्फरन्सला काय होतं, नावाजलेला स्पीकर टॉकच्या थोडा आधी येतो, बोलतो, दोन प्रश्न घेतो आणि एअरपोर्टकडे पळतो, तुमचा प्रश्न तुमच्यापाशीच राहतो. इथून मधेच निघायला वाहनच नसतं, बस शुक्रवारी सोडते आणि रविवारी न्यायला येते, त्यामुळे सकाळी जिचा टॉक ऐकला तीच बाई रात्री तुमच्या पोस्टरसमोर उभी असते आणि तुम्हाला हवा तेवढा वेळ देते. गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्सेसची परंपरा नील गॉर्डन या केमिस्टनं १९३१ साली सुरू केली, त्यातही थोडी माणसं, भरपूर चर्चा आणि तिथं ऐकलेलं बाहेर छापायचं नाही हेच सूत्र आहे. इथल्या आयोजकांनी तो नियम कडक पाळलाय. स्लाईडचे फोटो नाहीत, रेकॉर्डिंग नाही, कोणाचा डेटा त्याला विचारल्याशिवाय कुठं सांगायचा नाही. मला हे फार पटलं, कारण त्यामुळेच लोक अजून न छापलेलं आणि अर्धवट असलेलं काम बिनधास्त दाखवतात, आणि आमच्या कामात अर्धवट अवस्थेतच दुसऱ्याच्या सल्ल्याची खरी गरज असते, पेपर छापून आल्यावर सल्ला मिळून काय उपयोग?

आता सगळ्यात आवडलेली गोष्ट. प्रश्नांना टॉकइतकाच वेळ. आणि पहिला प्रश्न विद्यार्थ्यानंच विचारायचा, प्राध्यापकांनी तोपर्यंत थांबायचं. सेशन चेअर खरंच थांबवत होते, एका ज्येष्ठ सरांचा हात वर गेला तर त्यांना हसून थांबा म्हणाले आणि मागच्या रांगेकडे बघत बसले, अर्धा मिनिट कोणी बोलेना, मग एक मुलगा उठला आणि त्यानं जो प्रश्न विचारला त्यावर पुढची सगळी चर्चा झाली. शिवाय प्रत्येक स्पीकरनं निदान एक स्लाईड न चाललेल्या प्रयोगांची दाखवायची अशी अट होती. काहींनी ती उरकली पण काहींनी इतकी मनापासून दाखवली की माझ्या वहीत सगळ्यात जास्त नोट्स त्याच स्लाईडच्या आहेत.

पहिलं सेशन बायोऑर्थोगोनल केमिस्ट्रीचं. म्हणजे जिवंत पेशीत एवढी गर्दी असताना आपण आत सोडलेल्या दोन गटांनी बाकी कोणाच्या वाटेला न जाता फक्त एकमेकांशीच रिअ‍ॅक्शन करायची. २०२२ चं केमिस्ट्रीचं नोबेल कॅरोलिन बर्टोझी, मॉर्टन मेल्डल आणि बॅरी शार्पलेस यांना क्लिक (दोन रेणू झटपट, हमखास जोडणारी केमिस्ट्री) आणि बायोऑर्थोगोनल केमिस्ट्रीसाठीच मिळालं, त्यामुळे हा इतिहास सगळ्यांना तोंडपाठ असतो आणि टॉक कंटाळवाणा व्हायची पूर्ण शक्यता होती. पण स्पीकरनं तो यशाची गोष्ट म्हणून सांगितलाच नाही, प्रत्येक पायरीला काय अडलं म्हणून पुढची पायरी आली असा लावला. २००० साली स्टॉडिंगर लायगेशन (अझाईड आणि फॉस्फीन जोडणारी रिअ‍ॅक्शन) आलं, चालायचं पण हळू, आणि त्यातलं फॉस्फीन हवेत ऑक्सिडाईज होतं. २००२ साली मेल्डल आणि शार्पलेस या दोघांच्या ग्रुपनी वेगवेगळं काम करून कॉपर वापरून अझाईड आणि अल्काईन हे दोन गट झटपट जोडून दाखवलं, पण कॉपर जिवंत पेशीला सोसत नाही. मग २००४ साली बर्टोझींच्या ग्रुपनं ताण असलेलं आठ कार्बनचं वलय वापरलं, कॉपरची गरजच संपली, पण अशी काही वलयं प्रोटीनमधल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या थायॉललाही जाऊन चिकटतात आणि मग बॅकग्राउंड, म्हणजे नको तिथला सिग्नल, वाढतं. २००८ साली टेट्राझीन आलं, वेग प्रचंड, पण त्याच्या जोडीचं ट्रान्स-सायक्लोऑक्टीन ठेवल्या ठेवल्या सिसमध्ये बदलू शकतं आणि मग ते तितकं कामाचं राहत नाही.

आणि मग मागच्या रांगेतल्या त्या मुलाचा प्रश्न. तो म्हणाला की टॅग (नंतर जोडणीसाठी लागणारा छोटा गट) जिवंत पेशीत बसवला, तेवढं झाल्यावर पेशी फोडून मग क्लिक केलं तर कॉपर विषारी असलं तरी काय बिघडलं? साधा प्रश्न. पण त्यावर हॉलमध्ये इतकं बोलणं झालं! कारण खरंच, बऱ्याच प्रयोगांमध्ये रिअ‍ॅक्शन जिवंत पेशीत व्हायची गरजच नसते, फक्त टॅग जिवंतपणी बसला पाहिजे. नंतर लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या रसात) कॉपर, त्याला धरून ठेवणारा लिगँड आणि अ‍ॅस्कॉर्बेट घालून जोडणी करा, जेलवर फ्लुओरेसेन्स बघा. जिवंत पेशीत रंग चमकताना मायक्रोस्कोपखाली बघायचाच असेल तर मात्र कॉपर नको. कुठली रिअ‍ॅक्शन भारी हे विचारण्यापेक्षा आपल्या प्रयोगात जिवंतपणाची गरज नेमकी कुठवर आहे ते आधी ठरवायचं, हे आमच्या लॅबमध्ये कोणी असं सरळ मांडलं नव्हतं.

शनिवारी रात्रीचं पोस्टर सेशन हा या कॉन्फरन्सचा गाभा म्हणावा लागेल. पोस्टर शुक्रवारपासून रविवारपर्यंत लावलेलेच असतात, त्यामुळे घाई नसते, लोक एकदा वाचून जातात, विचार करतात आणि परत येतात. माझ्या शेजारच्या बोर्डवर एका मुलीचं डीग्रेडरचं काम होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डीग्रेडर किंवा प्रोटॅक म्हणजे दोन तोंडांचा रेणू, एका तोंडानं आपल्याला नको असलेलं प्रोटीन धरायचं, दुसऱ्यानं पेशीतलं ई३ लायगेज (युबिक्विटिन लावणारं एन्झाईम), मधे लिंकर, दोघं जवळ आले की प्रोटीनवर युबिक्विटिनची खूण लागते आणि प्रोटिअझोम, म्हणजे पेशीतलं प्रोटीन तोडणारं यंत्र, त्याचे तुकडे करतं. क्रेग क्रूज आणि रे डेशाईज यांच्या ग्रुपनी २००१ मध्ये ही कल्पना करून दाखवली. तर या मुलीच्या वेस्टर्न ब्लॉटवर (अँटिबॉडीनं एखादं प्रोटीन पट्ट्यासारखं दाखवणारी चाचणी) त्या प्रोटीनची बँड अगदी स्वच्छ गायब झालेली, बघणारा कोणीही अभिनंदन म्हणून पुढे गेला असता.

एक बायोकेमिस्ट बाई थांबल्या. बराच वेळ ब्लॉट बघितला आणि विचारलं, "प्रोटीन तुटतंय की बनायचंच थांबलंय?" तिथून पुढे तासभर जे झालं त्यासाठी मी पुन्हा तेवढा प्रवास करेन. आधी म्हणाल्या की प्रोटिअझोम बंद करणारं एमजी१३२ देऊन बघ, बँड परत आली तर तुटण्याचा मार्ग तोच आहे म्हणायला आधार मिळेल. मग शेजारी उभा असलेला एक सिंथेसिसवाला म्हणाला की तुझं एक तोंड व्हीएचएल हे लायगेज धरणारं आहे ना, त्यातल्या हायड्रॉक्सीप्रोलिनचा ओएच उलट्या बाजूला असलेला एपिमर बनव, तो व्हीएचएलला धरत नाही पण टार्गेटला धरणारं तोंड तसंच राहतं, त्यानंही बँड गेली तर हे डीग्रेडेशन नाहीच, दुसरंच काहीतरी चाललंय. आणि बनवायला वेगळा रूट लागत नाही, सुरुवातीला दुसरा हायड्रॉक्सीप्रोलिन घेतला की झालं. सेरेब्लॉन हे दुसरं लायगेज धरणारे डीग्रेडर असतील तर त्याला धरणाऱ्या ग्लुटारिमाईड गटाच्या नायट्रोजनवर मिथाईल लावून तसाच कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी न चालणारा रेणू, मिळतो, हेही त्यानं जाता जाता सांगितलं.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र डोसबद्दल होतं. तिनं एकच डोस वापरला होता, तोही बराच जास्त. डीग्रेडरचा डोस वाढवत नेला तर एका टप्प्यानंतर परिणाम कमी व्हायला लागतो, कारण मग एक रेणू टार्गेटला धरून बसतो, दुसराच रेणू लायगेजला, आणि दोघांना जोडणारा असा कोणी उरत नाही. याला हुक इफेक्ट म्हणतात. तर त्या बाईंनी पेन्सिलनं पोस्टरच्या कोऱ्या कडेवरच डोसची ओळ काढून दिली, एवढ्या खालपासून सुरू कर, प्रत्येक वेळी इतकं वाढव, किती तासांनी बघायचं तेही. त्या मुलीचा चेहरा सुरुवातीला उतरला होता, शेवटी ती इतक्या उत्साहात होती की लगेच लॅबमध्ये पळाली असती. तिचं काम कोणी पाडलं नाही, ते टिकावं म्हणून दोन वेगळ्या विषयांची माणसं रात्री उशिरापर्यंत उभी राहिली. माझ्या मते कॉन्फरन्स यासाठीच असते.

दुसऱ्या दिवशी थॅलिडोमाईडवरचा टॉक या पोस्टरला अगदी जोडून आला. १९५७ साली पश्चिम जर्मनीत हे औषध बाजारात आलं, गरोदर बायकांना मळमळीवर दिलं गेलं, हजारो मुलं हातपाय नीट न वाढलेली जन्मली, १९६१ साली ते मागे घेतलं. पण ते पेशीत कोणाला धरतं हे, म्हणजे सेरेब्लॉन, कळायला २०१० उजाडलं. आणि २०१४ मध्ये दिसलं की त्याच घराण्यातलं लेनालिडोमाईड सेरेब्लॉनला आयकरोस आणि आयोलोस ही दोन प्रोटिन्स पकडायला लावतं, ती तुटतात, आणि मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरमध्ये औषध लागू पडतं त्यामागे हे कारण आहे. स्पीकरनं या घटनांकडे नुसतं केमिस्ट्री म्हणून बघितलं नाही, त्या कुटुंबांबद्दल थांबून बोलले, आणि टार्गेट माहीत नसताना रेणू माणसाला देणं म्हणजे काय याची आठवण प्रत्येक केमिस्टनं ठेवावी असं म्हणाले. मला हे बोलणं फार आवश्यक वाटलं. आपण फ्लास्कमध्ये इतके गुंततो की शेवटी ते कोणाच्या तरी शरीरात जाणार आहे हे मागे पडतं.

केरास जी१२सी या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या बदललेल्या प्रोटीनवरचा टॉक चांगला होता पण त्यात नवीन फार नव्हतं, २०१३ मध्ये केव्हन शोकाट यांच्या ग्रुपनं त्यातल्या सिस्टीनला कायमचा चिकटणारा रेणू आणि त्याच्यासाठीचा खळगा दाखवला आणि २०२१ मध्ये त्यावरच्या सोटोरासिब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली, हे बहुतेकांनी आधी ऐकलेलं असतं.

त्यापेक्षा प्रोबच्या (प्रोटीनचं काम तपासायला वापरायच्या रेणूच्या) दर्जावरचं सेशन खूप उपयोगी. बेल आणि हॉलोवे यांनी २०१० मध्ये ज्यांना पेन्स म्हटलं तशी कंपाउंड्स कित्येक अ‍ॅसेंमध्ये (चाचण्यांमध्ये) पॉझिटिव्ह येतात, कारण ती कुठल्या एका प्रोटीनला नीट धरतात म्हणून नव्हे तर कोणालाही रिअ‍ॅक्ट होतात, रेडॉक्सचा खेळ करतात किंवा स्वतःच चमकतात. गोळे होऊन प्रोटीन अडकवणारी कंपाउंड्स हा आणखी एक त्रास. हळदीतल्या कर्क्युमिनचं उदाहरण दिलं, त्यावर ढीगभर पेपर आहेत, पण २०१७ च्या एका सविस्तर आढाव्यात स्पष्ट मांडलं गेलं की हा रेणू अस्थिर आहे, रिअ‍ॅक्टिव्ह आहे आणि शरीरात फारसा शोषलाच जात नाही. काय करायचं तेही सांगितलं. अ‍ॅसेमध्ये अगदी थोडं ट्रायटन (एक डिटर्जंट) घाला, गोळे होऊन परिणाम येत असेल तर तो नाहीसा होतो. जवळच्या रचनेचा पण न चालणारा रेणू कंट्रोल म्हणून बाळगा. आणि उदाहरण म्हणून जेक्यू१ हे काही प्रोटिन्सच्या ब्रोमोडोमेन या भागाला धरणारं कंपाउंड घेतलं, २०१० मध्ये जेम्स ब्रॅडनर यांच्या ग्रुपनं छापलं आणि मागेल त्या लॅबला पाठवलं, त्याचा आरशातला जोडीदार ब्रोमोडोमेनला धरत नाही म्हणून कंट्रोल म्हणून आयताच मिळतो. चांगला प्रोब असा वाटला की अख्खं क्षेत्र पुढे जातं, आणि वाईट प्रोब विकत घेऊन वापरला की कित्येक विद्यार्थ्यांची वर्षं जातात. यावर बोलताना चेअरचा आवाज चढला होता आणि मला ते रास्तच वाटलं.

दोन्ही बाजूंची माणसं मुद्दाम एकत्र बसवायची युक्तीही चांगली होती, जेवणाच्या टेबलावर एक सिंथेसिसवाला, एक पेशीवाला, एक स्ट्रक्चरवाला असे पत्ते टाकून बसवायचे. आमच्या टेबलावर एका बायोलॉजिस्टनं मला विचारलं की तुझं कंपाउंड चोवीस तासांनी मीडियममध्ये उरतं किती? मोजलंय का? आणि मी त्याला विचारलं की तुझी अँटिबॉडी नॉकआउट (ते प्रोटीनच नसलेल्या) पेशीत तपासलीस का. दोघांनी एकमेकांचे प्रश्न लिहून घेतले. एरवी आपण दुसऱ्याच्या विषयातली गोष्ट गृहीत धरून पुढे जातो, इथं ते चालत नाही.

आता तक्रारी, आणि त्या खऱ्याच आहेत.

सगळ्यात मोठी म्हणजे प्रोटिओमिक्सला (पेशीतली खूप प्रोटिन्स एकदम ओळखायच्या, मोजायच्या तंत्राला) एकच सेशन, तेही रविवारी सकाळी, सगळे थकलेले असताना. आज आमच्यातल्या जवळपास प्रत्येकाचं काम शेवटी मास स्पेक्ट्रोमीटरपाशी जाऊन थांबतं. प्रोब चिकटलेली प्रोटिन्स ओढून काढायची, ओळखायची, कोणती ठळकपणे जास्त आली ते दाखवणारा व्होल्कॅनो प्लॉट काढायचा, उजव्या कोपऱ्यातल्या ठिपक्यांवर गोल करायचा. पण ट्युब्युलिन, हीट शॉक प्रोटिन्स अशी भरपूर प्रमाणात असणारी मंडळी जवळपास प्रत्येक पुलडाऊनमध्ये (अशा ओढून काढण्यात) येतात, आणि मूळ रेणू जास्त देऊन प्रोबशी स्पर्धा लावल्यावर जी मागे हटतात तीच बघायची असतात, हे समजावायला स्पीकरला वेळच मिळाला नाही. २०१३ मध्ये आलेली सेट्सा, म्हणजे औषध धरलेलं प्रोटीन जास्त तापमानाला टिकतं हे पेशीतच मोजायची पद्धत, तिच्यावर दोन स्लाईड. दोन! माझी आयोजकांना कळकळीची विनंती आहे की याला शनिवारची सकाळ द्या, केरास कमी केलं तरी चालेल.

दुसरं, पोस्टर हॉलमधला उजेड. रात्री जेल आणि ब्लॉटचे करडे बँड वाचायचे आणि वर पिवळे मिणमिणते दिवे, कित्येक जण मोबाईलचा टॉर्च लावून वाचत होते. जिथं पोस्टर हाच गाभा आहे तिथं याकडे दुर्लक्ष व्हायला नको. तिसरं, नेटवर्क फार कमजोर, आणि लहान मूल किंवा आजारी माणूस घरी ठेवून आलेल्यांसाठी ही छोटी गोष्ट नाही, एक तरी खात्रीचा फोन रिसेप्शनला असावा आणि तो नंबर आधीच मेलमध्ये द्यावा. राहायच्या खोल्यांपासून हॉलपर्यंतचा रस्ता चढाचा आणि कच्चा आहे, ज्यांना चालायला त्रास होतो त्यांची काय सोय ते रजिस्ट्रेशनच्या फॉर्ममध्ये कुठंच विचारलेलं नव्हतं. व्हीलचेअरवरचा विद्यार्थी इथं येऊच शकणार नाही, आणि एवढी चांगली गोष्ट कोणाला बंद असावी हे मला मान्य नाही.

खोल्या दोघांत एक, स्वच्छ, ठीक. बस वेळेवर.

नोकरी शोधायला किंवा कंपन्यांना भेटायला जायचं असेल तर मोठ्या कॉन्फरन्सेस बऱ्या, इथं स्टॉल नाहीत आणि कंपन्यांकडून आलेले जे होते ते स्वतःचं काम घेऊन आले होते. मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना काही टॉक जड जातील, पण पहिला प्रश्न विद्यार्थ्यांचा असल्यामुळे मूलभूत गोष्टी विचारायला कोणी कचरत नाही, म्हणून त्यांनीही यावं असं मी म्हणेन.

जाणार असाल तर अर्धवट काम न्या. पूर्ण झालेलं, छापायला पाठवलेलं काम नेलं तर लोक छान म्हणतील आणि पुढे जातील. ज्या निकालावर तुमचाच विश्वास बसत नाहीये तो पोस्टरच्या मधोमध लावा. सगळ्या कंट्रोल्सचे मूळ, न कापलेले ब्लॉट प्रिंट करून फाईलमध्ये ठेवा, लोक मागतात. रेणूंच्या रचना मोठ्या आणि स्टिरिओकेमिस्ट्री स्पष्ट दिसेल अशा काढा, त्या एपिमरची कल्पना त्या मुलीला मिळाली ती रचना नीट काढलेली होती म्हणून. पोस्टरच्या कडेला कोरी जागा सोडा आणि पेन्सिल जवळ ठेवा. जागा थोड्या असल्यामुळे एका लॅबमधून मोजक्याच लोकांना घेतात, तेव्हा अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवायच्या आधी आपापसांत ठरवा कोणाला जास्त गरज आहे, आणि गाईडला सांगा की यावेळी तुम्ही नाही, आम्ही जातो.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण प्रोटिओमिक्सचा आणि त्या कच्च्या रस्त्याचा.